सहाशे-सोळा

अक्षरा दुकानात आली तेव्हा संगमेश एका ट्रॅक्टरची ट्यूब पाण्याच्या टाकीत दाबून पंचर शोधत होता. लातूरच्या औसा रोडवर त्याचं टायरचं दुकान होतं, सव्वीस वर्षांपासून. भाची आली की आधी मामाच्या खुर्चीवर बसायची, मग चहा मागायची. त्या दिवशी ती बसली नाही. पर्समधून वही काढून तिनं काउंटरवर उघडून ठेवली.

"मामा, गाडी तयार झाली. काल वीरेशनं इंजिन चालू करून दाखवलं. आता नुसती चाकं राहिली."

संगमेशच्या हातातली ट्यूब पाण्यातून वर उसळली.

गाडी म्हणजे तिच्या वडिलांची, बसवंतची, जुनी जीप-पिकअप. पुढून जीप, मागं लाकडी फळ्यांचा हौदा. सरकारी लिलावात नांदेडला घेतलेली, पोपटी रंगाची. तिच्यात सरकीची पेंड भरून बसवंत किनवटपर्यंत जायचा. नऊ वर्षांपूर्वी त्याच गाडीत तो गेला. चेपलेली गाडी उमादेवीनं, म्हणजे बसवंतच्या बायकोनं, घरामागच्या मोकळ्या जागेत ताडपत्री घालून ठेवून दिली होती. भंगारवाले दारात येऊन गेले, खुद्द संगमेशनं दोनदा मागून पाहिली, "उमा, पावसानं सडून चालली गं, मला दे." तिनं दिली नाही. उमा त्याची धाकटी, सख्खी बहीण, त्याला अण्णा म्हणायची.

या वर्षी घरामागचा रस्ता रुंद व्हायला निघाला आणि ती जागा सोडणं भाग पडलं. तेव्हा अक्षरा म्हणाली, भंगारात नाही, दुरुस्तीला टाकू. ती एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवत होती, पगार हातात होता. नांदेडला देगलूर नाक्यावर फक्त जुन्या जीपा करणारा वीरेश नावाचा मेकॅनिक तिनं शोधून काढला आणि क्रेन लावून गाडी तिकडं पोचवली.

"जुनं माप सहाशे-सोळा," वहीवर बोट ठेवत ती म्हणाली. "म्हणजे टायर सहा इंच रुंद आणि आत सोळा इंची रिम. बाबांनी शेवटी बसवलेले ते दोनशे पस्तीस-पंचाहत्तर, पंधरा इंची रिमवर. रुंदी सव्वानऊ इंच. मी दोन्हींची उंची काढली. अर्ध्याएक इंचाचा फरक येतो. म्हणजे गिअरला, किलोमीटरच्या काट्याला कशालाच धक्का नाही. आई म्हणते, शेवटच्या फोटोत जशी हाय तशीच गाडी पाहिजे. रुंद टायर. तुमच्याकडूनच घेतलेले ना? तसा सेट मिळंल का परत?"

"सहाशे-सोळाच टाक," संगमेश म्हणाला.

"का?"

"स्टेअरिंग हलकं ऱ्हातं. चिखलात बारीक टायर खाली जाऊन जमीन धरतंय, रुंद वरच्या वर घसरतंय."

"आईला कुठं चिखलात न्यायचीय?"

"बेअरिंगवर भार येतो, अक्षरा."

"किती येतो?"

तिला खरोखरच आकडा हवा होता, पेन उघडून ती वाट पाहत होती. संगमेशनं हात पुसायला कापड शोधलं. ते समोरच होतं तरी त्याला सापडेना.

"रविवारी नांदेडला जाऊ आपण," ती वही मिटत म्हणाली. "तुम्ही एकदा डोळ्यानं बघा, मग ठरवू. आई म्हणलीय, चाकं अण्णाच्या हातचीच पाहिजेत."

ती गेल्यावर तो बराच वेळ टाकीपाशी उभा होता. पाण्यात हात घालून त्यानं ट्यूब पुन्हा दाबली, बुडबुडे आले, पंचर कुठाय ते दिसलं, पण खूण करायचं त्याला सुचलं नाही.

बसवंतला त्या रुंद चाकांचं वेड कुठून लागलं ते संगमेशला पक्कं ठाऊक होतं. नांदेडला कुणाच्या तरी जीपला पाहिली होती. "काय रुबाब दिसतो, संगमेश! आपल्या गाडीला नवरीसारखी सजवायची," म्हणत तो आठवडाभर मागं लागला. संगमेशकडं दुसऱ्या गाडीवरून उतरलेल्या चार रुंद रिमा पडून होत्या. बसवून पाहिल्या तर पुढचं चाक वळवताना आत स्प्रिंगच्या पाट्याला घासायचं. तेव्हा संगमेशनं ओळखीच्या लेथवाल्याकडून इंचभर जाडीच्या अ‍ॅल्युमिनियमच्या चार चकत्या करून आणल्या आणि हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं ती आतली तबकडी, आणि रिम यांच्या मधे घातल्या. चाकं बाहेर सरकली, घासायची थांबली. पण चकतीनं स्टडची, हबमधून बाहेर येऊन चाक धरणाऱ्या बोल्टांची, लांबी खाल्ली. नटाला धरायला जेमतेम चार आटे उरले. लांब स्टड टाकायला हवे होते. ते त्या दिवशी दुकानात नव्हते.

"परत आल्यावर लांब स्टड टाकू, दाजी," तो म्हणाला होता.

"तोवर?"

"तोवर चालतंय."

बसवंत खुशीत चाकावर पाय ठेवून उभा राहिला आणि संगमेशनं मोबाईलवर त्याचा फोटो काढला. दुसऱ्या दिवशी पेंड भरून गाडी किनवटला गेली.

त्याच आठवड्यात अक्षराची लिंगदीक्षा होती, गळ्यात इष्टलिंग बांधायचा विधी. पंधरा वर्षांची होती ती. मठात दुपारी बाराचा मुहूर्त धरला होता. बसवंत पहाटे किनवटहून निघाला. उमादेवीनं घरून दोनदा फोन केला, "लवकर या, पाव्हणे जमायलेत." पहिला फोन त्यानं उचलला. दुसरा वाजून बंद झाला. इस्लापूरच्या अलीकडच्या वळणावर गाडी पुलाच्या कठड्यावरून खाली गेली होती. हवालदारानं मोबाईल उमादेवीच्या हातात दिला तेव्हा त्यावर तिचा न उचललेला फोन दिसत होता.

पंचनाम्यात आलं, चालकाचा ताबा सुटला. भाऊकीत बोललं गेलं की पहाटेची वेळ, डुलकी लागली असणार. बसवंतचा थोरला भाऊ चंद्रप्पा तर येईल त्याला सांगायचा, "लहानपणापासून झोपाळूच होता." आणि उमादेवीनं आपल्या मनाशी धरलं ते वेगळंच. ते फोन उचलायला गेले. मी फोन केला नसता तर हात स्टेअरिंगवर राहिले असते.

खबर मिळाल्यावर त्या ठिकाणी घरच्यांपैकी सगळ्यात आधी पोचला होता तो संगमेश. पुलाच्या मागं, चाळीसेक पावलांवर, तुरीच्या रानात उजव्या बाजूचं पुढचं चाक पडलेलं त्याला दिसलं. गाडीच्या मागं पडलेलं, म्हणजे आधीच निघालेलं चाक. कुणाचं लक्ष नव्हतं. चाकाला अडकून राहिलेली चकती त्यानं काढली, सदऱ्याखाली घातली आणि चाक ढकलत आणून गाडीपाशी टाकलं. प्रेत नांदेडला न्यायला गाडी येईपर्यंत तो सहस्रकुंडाकडं चालत गेला. पैनगंगेचं पाणी कोसळत होतं तिथं त्यानं चकती टाकून दिली. बाकीच्या तीन गाडीलाच राहिल्या. आधी गाडी पोलिसांकडं होती, नंतर ताडपत्रीखाली.

रविवारी दोघं एसटीनं नांदेडला गेले. वाटेत अक्षरा खिडकीशी बसून बोलत होती, गाडी रंगवायची तर पोपटीच, की थोडा गडद चालेल, पहिल्यांदा आईला बसवून माहूरला नेऊ, रेणुकामातेचं दर्शन घेऊ. संगमेश हं, हं करत होता. अहमदपूरला त्यानं तिला ओल्या भुईमुगाच्या शेंगा घेऊन दिल्या. ती लहान असताना घ्यायचा तशा.

वीरेशच्या गॅरेजात गाडी चार लाकडी ठोकळ्यांवर उभी होती. चेपलेलं नाक सरळ झालं होतं, राखाडी अस्तर मारलं होतं. संगमेशला ती ओळखू आली आणि तो दारातच थांबला.

"या, मामा," वीरेश म्हणाला. तिशीचा, किडकिडीत, कोपरापर्यंत ग्रीस लागलेला माणूस. "ताई, टायरच्या आधी एक दाखवायचं हाय. चार दिवसांपासून बघून राहिलो मी हे. फोनवर सांगण्यासारखं न्हाई."

त्यानं एक जुनं चाक उलटं करून ठेवलं. मागं ती चकती होती, काळपट पडलेली, पण धड.

"तीन चाकांना हे हाय. चौथ्याला न्हाई. आता चौथं हब बघा."

पुढच्या उजव्या हबवर पाच स्टड असायला हवे होते. पाचही बुडाशी तुटलेले होते.

"आधी मला वाटलं, आपटल्यावर मोडले असतील," वीरेश म्हणाला. "पण आपटून मोडलं तर वाकतंय, फाटतंय. हे बघा, गुळगुळीत. नट ढिले होऊन चाक हलत ऱ्हायलं, हलता हलता एकेक स्टड तुटला. बाकीच्या चाकांचे नट मी काढले, चार आट्यांवर उभे होते. मालाची गाडी हो! चाक आधी गेलं, ताई. गाडी त्याच्या मागनं गेली."

अक्षरा हबपाशी उकिडवी बसली. तुटक्या स्टडांवरून एकेक करत तिनं बोट फिरवलं.

"म्हणजे बाबा झोपले नव्हते."

"झोपेनं स्टड तुटत न्हाईत."

"आणि फोन घ्यायला..." तिचा आवाज चिरकला. ती उठली आणि संगमेशचे दोन्ही दंड धरून त्याला हलवायला लागली. ती रडत होती आणि हसतही होती. "मामा, ऐकलं का? आईचा फोन नव्हता! आईमुळं नव्हतं झालं!"

"पण ह्या चकत्या बसवल्या कुणी?" वीरेशनं विचारलं. विचारताना तो संगमेशकडं पाहत होता. धंद्यातला माणूस धंद्यातल्या माणसाकडं पाहतो तसं.

"मला न्हाई माहीत," संगमेश म्हणाला. "टायर मी दिलेले. चकत्या दाजींनी इकडंच कुठंतरी बसवून घेतल्या असतील."

त्यानं हे ठरवून ठेवलेलं नव्हतं. बोलून झाल्यावर त्याचं त्यालाच नवल वाटलं, किती सरळ आवाजात आपण बोललो.

अक्षरानं तोवर घरी फोन लावला होता. हाताला ग्रीस लागलं होतं म्हणून तिनं स्पीकर चालू करून मोबाईल गाडीच्या बॉनेटवर ठेवला. एका दमात सगळं सांगितलं. पलीकडून नुसता कुकरचा आवाज आला.

"परत सांग," उमादेवी म्हणाली.

अक्षरानं परत सांगितलं, या खेपेला सावकाश.

"फोन वाजायच्या आधीच चाक गेलं होतं?"

"आधी का नंतर ते कुणाला कळणार, आई? पण फोनमुळं न्हाई. चाकामुळं. फोन वाजला असता, नसता, चाक निघणारच होतं."

पलीकडं भांडं खाली ठेवल्याचं ऐकू आलं. मग उमादेवीनं विचारलं, "चकत्या कुणी घातल्या?"

"मामा म्हणतात, बाबांनीच नांदेडला कुठंतरी घालून घेतल्या असतील."

"कोण म्हणतंय?"

"मामा."

"न्हाई गं," उमादेवी म्हणाली. आवाज अगदी शांत होता, मुलीची चूक दुरुस्त करावी तसा. "ते रस्त्यात पंचर झालं तरी दुसऱ्या कुणाला चाक खोलू द्यायचे न्हाईत. स्टेपनी लावायचे आणि लातूरला यायचे. अण्णाशिवाय त्यांच्या चाकाला कुणाचा हात लागला न्हाई कधी. अण्णाला नीट विचार, इसरला असंल."

फोन बंद झाला. अक्षरा वळली. ती काही विचारायच्या आतच संगमेश खाली बसला, एका पालथ्या रिमवर.

"मीच घातल्या," तो म्हणाला.

त्यानं सगळं सांगितलं. लेथवाल्याचं, चार आट्यांचं, तुरीच्या रानातल्या चाकाचं. वीरेश पाठ फिरवून पाने पेटीत लावत राहिला. अक्षरानं एकच प्रश्न विचारला.

"चौथी चकती कुठंय?"

"पैनगंगेत टाकली."

तिनं चिंधीनं हात पुसले, एकेक बोट वेगळं करून. पर्स खांद्याला लावली. "वीरेश, यांना गाडीच्या चाकाला हात लावू देऊ नका," एवढं बोलून ती रस्त्यावर गेली आणि मिळाली त्या रिक्षात बसली. संगमेश मागच्या एसटीनं एकटा आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बहिणीच्या घरी गेला. उमादेवीची इष्टलिंगाची पूजा चालू होती. पूजा आटोपेपर्यंत तो ओसरीवर बसून राहिला. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं, खाली अक्षराच्या चपला होत्या. उमादेवी कपाळाला विभूती लावून बाहेर आली आणि समोर जमिनीवर बसली. रात्रभर झोपली नव्हती हे दिसत होतं.

"खरं हाय का?"

"हाव."

"नट पुरते बसले न्हाईत, हे तुला माहीत होतं?"

"हाव."

"त्यांना सांगितलंस?"

"परत आल्यावर स्टड बदलू म्हणलो."

"आणि भरून जाऊ नका, असं म्हणलास का?"

संगमेशनं मान हलवली, नाही म्हणून.

ती पदराच्या काठावरचा एक धागा ओढत राहिली. "चूक मला समजती, अण्णा," ती म्हणाली. "तुझा लई जीव होता त्यांच्यावर. त्यांनी हट्ट केला असंल, तुला मोडवला न्हाई. त्याच दिवशी येऊन सांगितलं असतंस तर मी तुला मारलं असतं, शिव्या दिल्या असत्या, आणि तुझ्याच गळ्यात पडून रडले असते. पण तू काय केलंस? तिसऱ्या दिवशी मी तुझ्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणले, मी फोन केला म्हणून गेले. आठवतंय?"

त्याला आठवत होतं.

"तवा तू म्हणलास, देवाची मर्जी."

आत काहीतरी हललं. अक्षरा दारामागं उभी असावी.

"ही पुण्याला दोन वर्षं शिकायला होती," उमादेवी दाराकडं न पाहता बोलत होती. "दोन वर्षांत मी आपणहून एकदा फोन लावला न्हाई हिला. हातात घ्यायचे आणि खाली ठेवायचे. रस्त्यात असंल, गाडीवर असंल, उचलायला जाईल. पोरगी मैत्रिणींना सांगायची, माझ्या आईला माझी आठवण येत न्हाई. ते तुला बी माहीत होतं. तूच मला म्हणलास, उमा, पोरीला फोन करत जा गं. दर पंचमीला माझ्या ताटात जेवलास, अण्णा. माझ्या हातचे उंडे खाल्लेस. एका घासाला तरी तुझ्या तोंडातनं निघायचं होतं."

संगमेशला रडू आलं, पण ते तिच्यासमोर काढायचा आपल्याला हक्क नाही असं त्याला वाटलं. तो तिच्या पायाला हात लावायला वाकला, तर तिनं पाय आत ओढून घेतले.

"दोन कामं कर," ती म्हणाली. "पुढच्या महिन्यात मठात त्यांचं पुण्यस्मरण हाय. भाऊकी येणार, चंद्रप्पा येणार. तिथं उभं राहून सांगायचं. माझ्यासाठी न्हाई. मेलेल्या माणसाला सगळ्यांनी झोपाळू ठरवलंय."

"सांगतो."

"आणि मला रुंद चाकं नकोत. पहिली होती तीच पाहिजेत. काय ते माप?"

"सहाशे-सोळा."

"ती शोधून दे. बसवील वीरेश."

टायर मिळायला काही त्रास नव्हता. रिमांना होता. सोळा इंची, पाच भोकांच्या जुन्या रिमा आता कुणी ठेवत नव्हतं. संगमेश सकाळी दुकान उघडायचा, दुपारी कुलूप लावायचा आणि निघायचा. देगलूर नाक्याच्या भंगारात दोन मिळाल्या. उदगीरला अमृतराव नावाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्यानं बैलगाडीला लावलेल्या होत्या, तिथं नव्या देऊन संगमेशनं त्या दोन काढून घेतल्या. पाचवी स्टेपनीसाठी. ती निलंग्याजवळच्या एका पाण्याच्या टाकीखाली सापडली, पण घासून पाहिल्यावर स्टडच्या भोकापासून केसाएवढी चीर गेलेली दिसली, वर रंग थापलेला. मालक म्हणाला, "वेल्डिंग मारून घ्या, काय होतंय त्याला." संगमेशनं ती तिथंच ठेवली आणि आणखी आठ दिवस फिरून दुसरी आणली.

प्रत्येक रिम त्यानं हबवर चढवून फिरवली. काठाशी खडू धरायचा आणि खडू सगळीकडं सारखा उठतोय का पाहायचं. एक पाव इंचानं हलत होती, ती त्यानं पुन्हा पुन्हा ठोकून सरळ केली. मारोती नावाचा शेजारचा गॅरेजवाला चेष्टेनं म्हणाला, "विमानाला लावायच्यात का, शेठ?" संगमेश हसला नाही. नवीन स्टड, नवीन नट आणून त्यानं चाकांबरोबर नांदेडला नेऊन गॅरेजच्या दारात उतरवले. गाडीकडं गेला नाही. वीरेशला फक्त म्हणाला, "नट हातानं पूर्ण फिरतोय का बघ आधी, मग पाना लाव."

"बघतो, मामा," वीरेश म्हणाला. मग थोडं थांबून म्हणाला, "चहा घ्या." संगमेशनं घेतला नाही.

मठातल्या पुण्यस्मरणाला साठ-सत्तर माणसं होती. महास्वामींचं बोलणं झालं, भजन झालं. प्रसादाच्या पंगती बसायच्या आधी संगमेश उठून उभा राहिला. त्यानं काय बोलायचं ते पाठ केलं होतं, पण चंद्रप्पाचा चेहरा समोर आला आणि पाठ केलेलं गेलं. तो एवढंच म्हणाला की बसवंतला झोप लागली नव्हती, चाक निघालं होतं, चाक मी बसवलं होतं, नट अपुरे बसलेत हे मला दिसत होतं, आणि नंतर मी ते लपवलं.

मागं एका बाईनं तोंडाला पदर लावला. चंद्रप्पा सत्तरीला आलेला माणूस. तो काठीवर भार देऊन उठला, संगमेशच्या समोर येऊन उभा राहिला. लोकांना वाटलं आता हात उचलतो. त्यानं टोपी काढली आणि ती हातात चुरगाळत म्हणाला, "माझ्या भावाला मी नऊ वर्षं गावभर झोपाळू म्हणत फिरलो रे." आणि लहान मुलासारखा रडायला लागला. त्याला धरून बाजूला नेलं. संगमेश पंगतीला बसला नाही, त्याला बस असं कुणी म्हटलंही नाही.

गोष्ट गावात फिरली. पेंडवाल्यांच्या, डाळमिलवाल्यांच्या गाड्या हळूहळू दुसऱ्या दुकानांकडं जायला लागल्या. जे येत ते चाक बसवून झालं की पुढं होऊन स्वतः पाना लावून बघत. संगमेश बाजूला सरून त्यांना बघू देई. बायकोशीही त्याचं बोलणं कमी झालं. तीही उमादेवीच्या अंगणात नऊ वर्षं त्याच्याबरोबर बसली होती आणि तिलाही त्यानं सांगितलं नव्हतं.

माघ लागला. एका दुपारी दुकानासमोर पोपटी रंगाची पिकअप येऊन थांबली. बारीक टायरांवर उभी, जुन्या वळणाची, जराशी उंच वाटणारी. स्टेअरिंगवर अक्षरा होती. शेजारी उमादेवी, मांडीवर फुलांची पिशवी. नांदेडहून त्या दोघीच गाडी घेऊन आल्या होत्या.

संगमेश बाहेर आला. अक्षरा समोर रस्त्याकडं पाहत होती.

"वीरेशनं सांगितलंय, नवी चाकं बसवली की शंभर किलोमीटरनंतर नट परत आवळून घ्यायचे," उमादेवी म्हणाली. "उद्या सकाळी इस्लापूरला जायलोय. त्या पुलावर फुलं ठेवायचीत."

"वीरेशनं बरोबर सांगितलं," तो म्हणाला.

त्यानं पाना आणला. पुढचं डावं, मागचं डावं, मागचं उजवं. चाकाला पाच नट, समोरासमोरचे धरत आवळायचे. एकही ढिला नव्हता. पुढच्या उजव्या चाकापाशी तो आला तेव्हा अक्षराचा हात वर खिडकीवर होता. तिनं तो आत घेतला. संगमेश गुडघ्यावर बसला. पाना लावला, दाबला, दुसरा, तिसरा. पाचवा झाल्यावर तो उठला आणि म्हणाला, "झालं. सगळे घट्ट हायत."

उमादेवी दार उघडून खाली उतरली. चाकांपाशी येऊन उभी राहिली. या महिन्यांत ती खंगली होती, पण चेहरा उघडा वाटत होता, खूप दिवसांनी खिडकी उघडलेल्या घरासारखा.

"परत एकदा बघ," ती म्हणाली.

तो परत खाली बसला. वीसच्या वीस नट त्यानं पुन्हा तपासले, आणि ती त्याच्याबरोबर चाकामागून चाक चालत राहिली, प्रत्येक नटावर पाना लागताना खाली वाकून पाहत. मग ती गाडीत बसली. अक्षरानं आरशात मागं पाहिलं, गिअर टाकला आणि गाडी रस्त्यावर घेतली. "येते" असं दोघींपैकी कुणीच म्हटलं नाही.